आठ छप्पनचा चंद्र

१

"बेटा, तुमच्या रेडिओवर लोकांचा जरा जास्तच भरवसा आहे, बरं का," सूर्यकांत देवपुजारी एकदा फोनवर समिधाला म्हणाले होते. "माझा यश बंगलोरला असतो. तो मला फोन नाही करत. सकाळी मोबाइलवर तुमचा कार्यक्रम लावतो, माझं नाव ऐकतो आणि बाप ठीक आहे असं समजून आंघोळीला जातो. हे काही बरोबर नाही."

तेव्हा उन्हाळा होता. तीन महिन्यांची आर्या समिधाच्या मांडीवर किंचाळत होती. "अहो काका, तेवढं तरी ऐकतो की! लोकांची मुलं तेही नाही ऐकत," असं हसण्यावारी नेऊन तिनं त्यांचा निरोप उतरवून घेतला आणि फोन ठेवला.

पुढं महिन्याभरात तिनं ऑफिसला जाणं सोडलं आणि काम घरी आणलं. काकांचा फोन मग दुसरेच कुणी उचलू लागले.

कार्यक्रम हिंदी, नाव 'जागा जबलपुर', म्हणजे जबलपूर जागं झालं. रोज सकाळी सात ते आठ, रविवारी सुट्टी. कुठं पाणी येणार नाही, कुणाची गाय हरवली, सदर भागातल्या बाजारात कुणाला कुणाची शाळेची बॅग सापडली, असल्या बातम्या. लोक ऑफिसच्या मोबाइलवर फोन करून सांगत. जो कुणी फोन घेई, तो त्याच मोबाइलवरून ती बातमी ग्रुपवर टाकी. समिधा संध्याकाळी आर्याला भरवता भरवता त्यांना वाचण्याजोगं रूप देई. सकाळी आलोक आपल्या खर्जातल्या आवाजात ते वाचे. पावणेआठला पाच मिनिटं मराठीत. त्या भागाचं नाव 'आपली गल्ली', आणि त्यात देवपुजारी काकांचा निरोप ठरलेला.

काका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. दीक्षितपुऱ्यात एकटे राहत. रोज संध्याकाळी पाचला त्यांचा फोन. गल्लीतल्या कुठल्या नाल्याचं झाकण निघालं, कोणाकडे बाळंतपण झालं, चतुर्थी असली तर चंद्र किती वाजता उगवणार. "पाहिलं तेच सांगतो," हे त्यांचं पालुपद. समिधानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र शंभर आवाजांत ओळखला असता.

तिला काळजी करायची सवय होती. आर्या झोपली की दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरायचं, दाराची कडी दोनदा पाहायची. नवरा वेदांग म्हणायचा, "तुला ना, सगळीकडे काहीतरी झालेलंच दिसतं." पण काकांच्या बाबतीत तिला कधी काही दिसलं नाही. रोज ग्रुपवर निरोप येत होता.

डिसेंबरातल्या गुरुवारी संकष्टी होती. सकाळी आलोकऐवजी ऑफिसातल्या बंटीनंच कार्यक्रम चालवला होता आणि देवपुजारी काकांचा निरोप वाचला होता: चंद्रोदय आठ छप्पनला.

रात्री पावणेनऊला सासूबाई गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"समिधा! काहून गं, चंद्र तर टाकीच्या वर येऊन बसला! मी इथं उपाशी मरून राहिली, अन् हे देवपुजारी म्हणून राहिले आठ छप्पन!"

समिधा आर्याला कडेवर घेऊन वर गेली. आकाश स्वच्छ होतं. चंद्र नुसता उगवला नव्हता, चांगला हातभर वर आला होता.

"पंचवीस वर्षं त्यांची वेळ ऐकते मी," सासूबाई म्हणाल्या. "हा माणूस मिनिटाचा चुकत नाही."

२

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या फोनवर तक्रारींचा पाऊस पडला. बंटीनं त्या जशाच्या तशा ग्रुपवर टाकल्या. राइट टाउनच्या एका आजींचा निरोप असा होता: "देवपुजारींना म्हणा, गणपतीनं माफ केलं तरी माझ्या ॲसिडिटीनं केलं नाही."

समिधानं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. महाराष्ट्रातून येतं ते. चतुर्थीच्या चौकोनात छापलेलं होतं: चंद्रोदय ८-५६.

ती वेळ मुंबईची. जबलपूर मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की चंद्र इथं अर्धा तास आधी उगवतो. इथल्या मराठी घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. कॅलेंडर बघायचं आणि अर्धा तास वजा करायचा, बस. काका तर मापाचा माणूस. ते अर्धा तास नव्हे, एकतीस-बत्तीस मिनिटं वजा करत आणि तसं सांगत.

हा माणूस छापलेली वेळ जशीच्या तशी सांगेल?

तिनं काकांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. तेच.

आलोकला लावला. "काकांचा बुधवारचा फोन कुणी घेतला होता रे?"

"मीच घेतला असेन. काहून?"

"तू बुधवारी मंडल्याला होतास. मामेबहिणीच्या लग्नात. फेट्यातला फोटो टाकलास की."

"अरे हो. मग बंटीनं घेतला असेल. चलो, मी अजून गाडीत आहे, आल्यावर बोलू." फोन बंद झाला.

समिधानं आर्याला स्वेटर-टोपी घातली. वेदांग बँकेत जायला निघत होता.

"कुठं?"

"दीक्षितपुऱ्यात."

"एका चंद्रासाठी?"

"फोन उचलत नाहीत ते."

"अगं, काल तर त्यांचं नाव ऐकलं मी रेडिओवर!"

समिधा चप्पल घालता घालता थबकली. काका उन्हाळ्यात म्हणाले होते तेच हे, पण त्या घडीला तिला ते उमगलं नाही. ती आर्याला उचलून निघाली.

३

दीक्षितपुऱ्यातली ती गल्ली इतकी अरुंद की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागली. खालच्या मजल्यावर रत्नाकर लोणारे राहत. घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान, तेही आता नावापुरतं. वय सत्तर, कानाला यंत्र.

"देवपुजारी? नाहीत. इथं जवळ पाटणला गेले." त्यांनी आर्याच्या गालाला हात लावला. "कोण बाई ही? काय नाव?"

"आर्या. काका कधी गेले?"

"मागच्या बुधवारी. परवाचा नाही, त्याच्या आधीचा. सकाळी पिशवी घेऊन निघाले. म्हणाले, पाटणला मटार निघाला, बघून येतो अन् भाचीकडे दोन दिवस राहतो. दरसाल जातात."

"नऊ दिवस झाले!"

"मग काय झालं? मजेत आहेत. रोज रेडिओवर बोलून राहिले ना. परवा तर आपल्या घंटाघराच्या रस्त्याचं सांगितलं. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, पाटणला बसून इथली खबर ठेवतो! चौऱ्याहत्तरचा माणूस, पण दिसतो साठचा. केस बघाल तर माझ्या पोरापेक्षा काळे. नुसता चालत असतो दिवसभर."

समिधानं वर पाहिलं. जिन्याच्या टोकाला निळं दार आणि त्याला बाहेरून कुलूप. ती चार पायऱ्या चढली आणि सहज, काही न ठरवता, मोबाइलवर काकांचा नंबर दाबला.

दाराच्या आत घंटी वाजू लागली.

आर्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. तिनं दाराच्या फटीला नाक लावलं, मग डोळा. रोज बाळाच्या नाकाशी बोट धरणारी बाई ती. वाईटातलं वाईट तिच्या मनात आधी येई. पण वास नव्हता. खिडकीच्या काचेतून पलंग दिसत होता, चादर ताठ ओढलेली. भिंतीला चार्जर, चार्जरला साधा बटणांचा फोन, आणि त्याचा पडदा उजळत होता.

"काय वाजून राहिलं?" खालून लोणारेंनी विचारलं.

"त्यांचा फोन. चार्जिंगला लावून विसरून गेलेत."

"अच्छा. म्हणजे पाटणहून भाचीच्या फोनवरून बोलत असतील."

तसंही असू शकतं, असं समिधानं स्वतःला सांगितलं. लोणारेंच्या वहीत भाचीचा नंबर होता. सुमेधा. पाटणमध्ये शाळेत शिकवत होती. मधल्या सुट्टीत फोन लागला.

"मामा?" सुमेधा म्हणाली. "मामा तर आलेच नाहीत. मी मागच्या बुधवारी वाट पाहिली. गुरुवारी फोन करणार होते, तेवढ्यात रेडिओवर त्यांचा निरोप लागला. म्हटलं, बेत बदललेला दिसतो, घरीच आहेत. रोज ऐकते ना मी. का हो? काय झालं?"

समिधा जिन्याच्या पायरीवर बसली.

फोन नऊ दिवस कुलपाच्या आत. माणूस घरी नाही आणि भाचीकडेही नाही. मग रोज पाचला फोन कुणी केला?

४

ऑफिसात पोचेपर्यंत रिक्षात तिनं ग्रुपवरचे काकांचे सगळे निरोप पुन्हा वाचून काढले. आर्या तिच्या ओढणीचं टोक चघळत होती.

ते निघाले त्या बुधवारपर्यंतचे निरोप खास काकांचे होते. 'तिसऱ्या हापशाचा दांडा वर गेला की खाली येत नाही.' 'जोशींच्या सुनेला मुलगी झाली, सव्वातीन किलो.' असलं काही पेपरात येत नाही. गुरुवारपासूनचे मात्र पाहिले तर रस्त्याचं काम, थंडीची लाट, नर्मदेवरच्या घाटाची सफाई. सगळं आदल्या दिवशीच्या हिंदी पेपरात येऊन गेलेलं. नीट पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. पण तिनं काय केलं होतं? ते निरोप तिला जरा कोरडे वाटले म्हणून तिनं त्यांत काकांचं पालुपद घातलं होतं. 'मी स्वतः पाहिलं.' सातही दिवस.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत माइक, दुसरीत चहा. बंटी फोन आणि यंत्रं सांभाळे. दीड महिन्यापूर्वी ठाण्याहून आलेली वैष्णवी लिखाणाला मदत करी. तिचा नवरा इथं सैन्यात. आलोकही नुकताच पोचला होता. केसांत लग्नातल्या अक्षता तशाच.

"अरे, आमची छोटी मालकीण आली!" आलोक आर्याकडे बघून म्हणाला. समिधा हसली नाही.

"काकांचा फोन नऊ दिवस त्यांच्या खोलीत कुलपाच्या आत आहे," ती म्हणाली. "ते पाटणला पोचले नाहीत. त्यांचे निरोप इथूनच लिहिले गेले. कुणी लिहिले?"

मग ती बंटीकडे वळली.

"बंटी भैया, चंद्रोदयाची वेळ तुम्ही टाकली?"

"मैं क्यों डालूँगा, दीदी? मैंने तो जो ग्रुप में था वो पढ़ दिया. और मैं डालता तो सही डालता! हमारी अम्मा के पास यहीं का छपा पंचांग है. उसमें आठ पच्चीस लिखा था. उन्होंने तो आठ पच्चीस पे अर्घ्य देके खाना भी खा लिया."

समिधानं मान हलवली. रिक्षात तिचा विचार इथपर्यंत आलाच होता. हिंदी घरातला माणूस इथलं पंचांग बघणार आणि बरोबर वेळ लिहिणार.

"माझ्याकडे काय बघते?" आलोक म्हणाला. "माझी आजी चतुर्थी करायची. इथलं शेंबडं पोरही कॅलेंडरातून अर्धा तास वजा करतं."

"म्हणूनच ते तू लिहिलं नाहीस. घरी कॅलेंडर महाराष्ट्राचं, पण वजा करायचं हे ज्याला माहीत नाही, असा माणूस इथं एकच आहे."

वैष्णवीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ती घाबरलेली नव्हती. नुसती गोंधळलेली होती.

"हो, मीच लिहिलं," ती म्हणाली. "बुधवारी आलोक सर नव्हते. निरोपाची जागा रिकामी होती. चतुर्थी आहे म्हणून मी घरच्या कॅलेंडरात बघून टाकलं. चुकलं का ते? सॉरी हं. पण मॅडम, एवढं काय झालंय त्यात?"

"एवढं काय? अगं, त्यांच्या नावानं लिहिलंस तू!"

"पण..." वैष्णवीनं आलोककडे पाहिलं, मग समिधाकडे. "देवपुजारी काका खरेच आहेत?"

५

वैष्णवीला वाटलं होतं, काका म्हणजे कार्यक्रमातलं एक पात्र. ठाण्याला ती ज्या रेडिओत होती तिथं अशी पात्रं असत, खडूस काकू, भोळा शेजारी. इथं आल्यावर काकांचा फोन नेहमी दुसऱ्यांनीच घेतला, आणि मागच्या आठवड्यात तर तिनं डोळ्यांनी पाहिलं की आलोक सर पेपर समोर ठेवून काकांचा निरोप लिहितात.

आता सगळे आलोककडे बघू लागले.

"मागच्या बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही," तो खाली बघत म्हणाला. "मी लावला, उचलला नाही. म्हटलं, दरसाल या दिवसांत पाटणला जातात, तिथं असतील. पाच मिनिटं रिकामी कशी सोडू? एक दिवसाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी पण नाही आला. मग रोज... अगं, सगळीकडे करतात असं. पत्र नाही आलं तर पत्र लिहितात."

"त्यांच्या मुलाला फोन करावा असं नाही वाटलं?"

"वाटलं असतं तर केला असता ना!" त्याचा आवाज चढला. मग तो तिच्याकडे बघून हळू म्हणाला, "समिधा, लिहिलं मी. मान्य. पण मी लिहिलेलं काकांसारखं वाटतच नव्हतं. ते काकांसारखं तू केलंस."

आर्यानं समिधाचं कानातलं ओढलं, ते दुखलं तेव्हा ती भानावर आली.

भाची ऐकत होती, म्हणून तिनं चौकशी केली नाही. लोणारे ऐकत होते, म्हणून त्यांनी केली नाही. यश ऐकत होता. वेदांग ऐकत होता. अख्खं गाव ऐकत होतं की काका ठीक आहेत. हरवलेल्या माणसाला शोधायला निघावं लागतं ते कुणीतरी 'हरवला' म्हणतो तेव्हा. आम्ही ते कुणाला म्हणूच दिलं नाही.

"पोलिसात जाऊ," वैष्णवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "रेडिओवर सांगू. काकांचं वर्णन देऊ, 'वय साठच्या आसपास' वगैरे, आपण नेहमी देतो तसं..."

"काय म्हणालीस?"

"वर्णन देऊ म्हटलं."

समिधानं मोबाइल उघडला. 'दिसतो साठचा,' लोणारे म्हणाले होते, आणि 'साठच्या आसपास' हे शब्द तिनं स्वतःच्या हातानं टाइप केले होते. ग्रुप मागे, मागे सरकवत ती शनिवारपर्यंत गेली. मंगळवारी तेच पुन्हा होतं.

'एका सरकारी रुग्णालयातर्फे आवाहन. पाटण रस्त्यावर बसमध्ये बेशुद्ध सापडलेले गृहस्थ. वय साठच्या आसपास, केस काळे. हिरवा स्वेटर, सोबत रिकामी कापडी पिशवी. बोलणं समजत नाही, बहुधा दक्षिणेकडचे असावेत.'

मंगळवारी खाली रुग्णालयातल्या सिस्टरनं सांगितलेली आणखी एक ओळ होती. 'सुबह आपका प्रोग्राम लगता है तो बाबा हाथ पटकने लगते हैं.' ती ओळ आलोकनं काढायला लावली होती. "आपलाच कार्यक्रम ऐकून पेशंट बिघडतो, हे आपणच सांगायचं का?" असं म्हणाला होता आणि ग्रुपवर सगळे हसले होते. समिधानं हसण्याचं चिन्ह टाकलं होतं.

"बंटी भैया," ती म्हणाली, "ये कार्यक्रम में कितने मिनट पे पढ़ा था?"

बंटीनं यंत्रात पाहिलं. "अपील सात इकतालीस. फिर एक गाना. फिर काका जी का संदेश, सात छियालीस."

पाच मिनिटांच्या अंतरानं. एकाच आवाजात.

६

आर्याला सासूबाईंकडे सोपवून समिधा लोणारेंना घेऊन रुग्णालयात गेली. तिनं काकांना पाहिलेलं नव्हतं, ओळखणार कशी? आणि ज्यावरून ओळखलं असतं तो आवाज आता उरला नव्हता. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलायला गेलं की तोंडातून नुसते तुकडे येत.

वॉर्डच्या दारातच सिस्टर भेटल्या. "आप लोग बाबा के हैं? नौ दिन में कोई नहीं आया. हमने रेडियो पे भी बुलवाया."

"सुना था," समिधा म्हणाली.

खिडकीजवळच्या खाटेवर तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी वॉर्डबॉयचा छोटा रेडिओ. लोणारेंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला.

"अरे देवपुजारी! अबे, इथं काय करून राहिला तू? आम्हाला वाटलं मटार खाऊन राहिला पाटणला!"

म्हाताऱ्यानं मान वळवली. लोणारेंना बघितलं. मग डोळे समिधावर आले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे.

"काका, मी समिधा. रेडिओतली."

तो चेहरा बदलला. जी बाजू हलत होती ती सगळी हलली. त्यांनी डावा हात उचलून रेडिओवर ठेवला, थाप मारली. मग तोच हात स्वतःच्या ओठांवर ठेवला आणि मान जोरजोरानं हलवली, नाही, नाही. पुन्हा रेडिओ. पुन्हा ओठ.

"बस यही करते हैं रोज," सिस्टर म्हणाल्या. "सुबह पौने आठ के आसपास. हमें लगा शोर से तकलीफ है. कल से बंद ही रखा है."

समिधा खाटेच्या कडेला टेकली. रोज सकाळी ह्या माणसानं स्वतःचं नाव ऐकलं होतं. अमुक म्हणाले, तमुक म्हणाले, मी स्वतः पाहिलं. इथं पडल्या पडल्या, एक शब्द बोलता येत नसताना.

"हो काका," ती म्हणाली. "ते तुम्ही नव्हता. मला आज कळलं. सगळ्यांना सांगते."

त्यांचा हात रेडिओवरून घसरून तिच्या मनगटावर आला आणि तिथं घट्ट बसला. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका टळलाय. बोलणं थोडंफार परत येईल, पण पहिल्या दोन दिवसांत घरचं कुणी आलं असतं, कधी काय झालं हे सांगू शकलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी ते साध्या सुरात सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

यश त्याच रात्रीच्या विमानानं निघाला आणि सकाळी पोचला. वॉर्डबाहेरच्या बाकावर समिधाशेजारी बसून तो एवढंच म्हणाला, "मी रोज ऐकत होतो हो. एक दिवस नाही चुकवला."

"माहीत आहे मला," समिधा म्हणाली.

७

सांगायचं की नाही यावर शनिवारभर वाद झाला. आलोकचं म्हणणं होतं, काका सापडले, आता कशाला? कार्यक्रम बंद पडेल, बंटीची नोकरी जाईल. बंटी म्हणाला, "मेरी चिंता मत करो भैया, पंखे का काम भी आता है." वैष्णवी कोपऱ्यात बसून दोन महिन्यांचा ग्रुप उपसत होती आणि कागदावर नावं लिहीत होती.

सोमवारी सातला आलोकनं नमस्कार केला, काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि माइक समिधाकडे सरकवला. तिनं कधी माइकसमोर तोंड उघडलेलं नव्हतं. घरी आर्या सासूबाईंपाशी होती. इथं येण्यापूर्वी तिनं चारदा तिच्या नाकाशी बोट धरलं होतं.

"नमस्कार. मी समिधा. तुम्ही जे ऐकता ते मी लिहिते. देवपुजारी काकांच्या तोंडी सात दिवस जे शब्द घातले, ते मी घातले. त्यांची माफी मी त्यांच्याजवळ बसून मागितली. तुमची इथं मागते.

"पण आज दुसरंच सांगायचंय. ज्यांचे फोन थांबले आणि आम्ही पेपर बघून त्यांच्या नावावर काहीबाही वाचत राहिलो, अशी आणखी चार नावं निघाली. तिघांशी काल बोलणं झालं. एक मुलीकडे भोपाळला आहेत, दोघांना आमचा कंटाळा आला होता. चौथ्या रश्मी खानझोडे. रांझीत राहतात. लोणच्याच्या, पापडाच्या गोष्टी सांगायच्या. अकरा नोव्हेंबरनंतर त्यांचा फोन नाही. नंबर बंद लागतो. पत्ता आम्ही कधी विचारलाच नाही. एवढंच ठाऊक आहे की त्या एकट्या असतात आणि समोर पिठाची गिरणी आहे. त्या बोलत तेव्हा मागून तिचा आवाज यायचा.

"गेल्या महिन्यात त्यांचं नाव तुम्ही इथं ऐकलं असेल. ते धरू नका. तुम्ही रांझीत असाल, तुमचं कुणी रांझीत असेल, तर हातातला चहा खाली ठेवा. गिरणीसमोरची घरं बघा. बाहेरून हाक मारून परत येऊ नका, शेजाऱ्यांनी 'ठीक आहेत' म्हटलं तरी नका येऊ. दार वाजवा, आणि त्या स्वतः समोर येईपर्यंत तिथंच उभे राहा."